तळाला राहणारे मासे

तात्या, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि माझं दुकान अजून उघडं आहे. हे आधी सांगते, कारण तुम्ही माझ्याशी शेवटचं बोललात ते हेच, की हे दुकान चार महिनेसुद्धा टिकायचं नाही. बारामतीत भिगवण रस्त्यावर, त्याच गाळ्यात, त्याच शटरमागे आज एकतीस टँक चालू आहेत. सकाळी शटर वर केल्यावर सगळ्या पंपांचा मिळून जो बुडबुडा कानावर येतो, तो ऐकल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. तुम्ही हयातभर उजनीच्या पाण्यावर मासे मारलेत, मी मासे जगवते. तुमच्या मते हा धंदाच नव्हता, पोट भरलेल्यांचे चोचले होते. असतील. पण त्या चोचल्यांवर माझी दोन्ही मुलं शिकली आणि तुमच्या जावयांची कंपनी बंद पडली तेव्हा घराची चूल याच पाण्यावर पेटली. हे तुम्ही बघायला नव्हता, म्हणून लिहून ठेवते.

तुमच्याशी माझं भांडण दुकानापासून सुरू झालं असं आई समजायची. खरं तर ते मी आठ वर्षांची असताना सुरू झालं. तुम्हाला तो दिवस आठवणारही नाही. तुम्ही सकाळी पाण्यावरून आला होता, भिगवणच्या लिलावाला माल पाठवून घरच्यापुरती मासळी पाटीत ठेवली होती. आई चुलीपुढे विळी घेऊन बसली आहे, राखेनं चिलापीचे खवले काढते आहे, आणि मी पाटीत हात घालून बघते आहे तर तळाशी एक बोटाएवढा मिशीवाला मासा अजून जिवंत. त्याच्या मिशा माझ्या तळव्याला लागल्या. मांजराच्या पिल्लानं हुंगावं तसं वाटलं मला. मी आईच्या नकळत तो उचलला, जर्मनच्या पातेल्यात पाणी घेऊन त्यात सोडला, आणि त्याला सोबत म्हणून मरळीचं एक पिल्लूही टाकलं. पातेलं घराच्या मागे जांभळीखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मिशीवाला उलटा तरंगत होता, शेपटी अर्धी खाल्लेली, आणि मरळ पातेल्याबाहेर मातीत पडलेली. मी रडत होते. तुम्ही तो मासा दोन बोटांत धरून वर उचललात आणि म्हणालात, "मासा येक तर पाण्यात, न्हायतर कालवणात. मधी कुटं जागा न्हाय त्याला. कळलं का?" आणि कावळ्यांना टाकलात.

तात्या, तुम्ही चुकलात. मासा पाळता येत नाही म्हणून तो मेला नव्हता. भांडं वीतभर होतं, पाणी शिळं होतं, आणि शेजारी कोण, तर मरळ! ज्याच्या तोंडात जो मावतो त्याला तो खातो. तुम्हाला हे माझ्यापेक्षा शंभर पटींनी जास्त ठाऊक होतं. एक वाक्य बोलला असता तर झालं असतं, "पोरी, मोठं घमेलं घे आणि मरळ काढून टाक." तेवढं वाक्य तुम्ही बोलला नाहीत म्हणून मला ते शोधायला पंचवीस वर्षं लागली.

कारण सुरुवातीला मीही सगळे दुकानदार विकतात तसंच विकायचे. लग्न होऊन बारामतीला आले, मुलं शाळेत जायला लागली, तेव्हा गाळा घेतला आणि पुण्याहून माल आणला. लोक यायचे, गोल काचेचा बाऊल घ्यायचे, एक गोल्डफिश घ्यायचे आणि म्हणायचे, "खाली घाण साठती, ती खाणारा एक द्या." मी जाळी बुडवायचे आणि बोटभर लांबीचा एक मिशीवाला पिशवीत घालून द्यायचे. कोरी म्हणतात त्यांना धंद्यात. ठिपक्यांचे असतात, सोनेरी असतात, पांढरेही असतात, आणि डोळा असा फिरवतात की आपल्याकडे बघून मिचकावला असंच वाटतं. आठ दिवसांनी तोच माणूस परत यायचा, "मेला. दुसरा द्या." मी दुसरा द्यायचे. मेलेला मासा परत गिऱ्हाईक आणतो, हे धंद्यातलं पहिलं शहाणपण मला पुण्याच्या व्यापाऱ्यानंच शिकवलं होतं. ते शहाणपण मला फार दिवस पचलं नाही. माझ्याच दुकानात एक कोरी टँकच्या कोपऱ्यात दिवसचे दिवस एकटा दगडासारखा बसून राहायचा. मग माल आला, त्याच जातीचे आणखी सहा त्यात सोडले, आणि तासाभरात तो एकटा जो हलायला लागला, सातही जण वाळूत नाकं खुपसून एका रांगेत फिरायला लागले, ते बघताना माझ्या समोरचा चहा निवून गेला. तो आजारी नव्हता, तात्या. त्याला आपलं कोणी नव्हतं.

तुम्ही पहिल्यांदा दुकानात आलात तो दिवस मला बारकाईनं आठवतो. भिगवणहून एसटीनं आला होता, डोक्याला टॉवेल, हातात आईनं दिलेली सुक्या मासळीची पिशवी. आत आलात आणि बसला नाहीत. एकेका काचेपुढे उभे राहत गेलात, हात मागे बांधून. मी मनातून फुगले होते. निळ्या, लाल रंगाचे खडे, प्लास्टिकची झाडं, बुडबुड्यांवर उघडणारा शिंपला, सगळं मी हौसेनं मांडलं होतं. कोरीच्या टँकपुढे तुम्ही खाली वाकलात, नाक काचेला लागेपर्यंत.

"ह्यांच्या मिशा कुटं गेल्या?"

"त्या जातीच्या असतातच आखूड," मी म्हणाले.

"न्हाय. झिजल्यात त्या. तू खाली खडी टाकलीयास. धारंची खडी. तळाला राहणाऱ्याला तळ मऊ लागतो गं. मिशीवर त्याचं पोट हाय. मिशी गेली की तो आंधळाच."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती आणि ती हसली. मला इतका राग आला की मी तुम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही. तुम्ही पिशवी काउंटरवर ठेवून गेलात. पुढच्या रविवारी परत आलात ते खांद्यावर पोतं घेऊन. आपल्या काठची बारीक वाळू. गव्हाच्या चाळणीनं चाळलेली, सात पाणी धुतलेली, उन्हात वाळवलेली. आई नंतर मला सांगत होती की चाळणी खराब केली म्हणून तुमचं तिच्याशी वाजलं होतं. मी म्हणाले, "तात्या, वाळू आणताना कुणी बघितलं नाही ना? तलाठी धरतील तुम्हाला." तुम्ही म्हणालात, "येका पोत्याला कोण धरतंय. तू आधी ती निळी खडी काढ." आपण दोघांनी मिळून टँक रिकामा केला. तुमचे हात कोपरापर्यंत पाण्यात होते. तुमच्या अंगठ्याला जाळ्याच्या दोऱ्याची खाच पडलेली, ती मी इतक्या जवळून पहिल्यांदा पाहिली. महिनाभरात मिशा परत फुटल्या. ते तुमचं श्रेय आहे आणि मी ते कुणापुढेही नाकारत नाही. पण लक्षात घ्या, त्या दिवशी तुम्ही स्वतःच मान्य केलंत की मधे कुठेतरी जागा असते. पाण्यात नाही, कालवणात नाही, आणि तरीही मासा जगतो. तुमच्याच हातांनी तुम्ही ती जागा मऊ करून दिलीत आणि तोंडानं मात्र कधी तसं म्हणाला नाहीत.

मग तो मार्च महिना आला. दुपारची वेळ, कॉलेजच्या एक बाई नातीला घेऊन टँक बघत होत्या. तुम्ही आत आलात आणि ओल्या गोणपाटातून हातभर लांबीचा मासा काउंटरवर आपटलात. काळा, खवल्यांऐवजी अंगावर पत्रे ठोकल्यासारखा, पंखांना काटे, तोंड खाली चिकटलेलं. अजून हलत होता. नात किंचाळली. सकर. काच साफ करतो म्हणून लोक बोटाएवढा असताना नेतात, आणि दोन वर्षांत तो टँकएवढा होतो. तुम्ही सगळे मासेमार त्याला हेलिकॉप्टर म्हणायला लागला होता.

"हे तुजं हाय," तुम्ही म्हणालात. "वळखलंस का?"

"माझं कसं? धरणात सापडलं ना?"

"धरणात कुणी जलमाला घातलं ह्याला? तुमच्यासारख्या दुकानदारांनी. आज तिसरं जाळं फाटलं. काटं अडकत्यात, जाळं कापल्याबिगर सुटत न्हाय. ह्याला कुत्रं खात न्हाय, लिलावात कुणी घेत न्हाय. रोहूची अंडी खातंय हे, अन् तू हितं पंख्याखाली बसून हेच इकतीयास."

"पुण्यात शंभर दुकानं आहेत तात्या. गल्लोगल्ली आहेत. तिथलं सगळं पाणी वाहत उजनीतच येतं. माझंच दुकान दिसलं का तुम्हाला?"

"दुसऱ्या दुकानात माजी पोर न्हाय."

तिथं मी गप्प बसायला हवं होतं. मी बसले नाही. मी म्हणाले, तुम्ही आठ बोटांच्या भोकांच्या जाळ्याऐवजी मच्छरदाणीएवढ्या बारीक जाळ्यानं पिल्लंसुद्धा ओढता, मासळी कमी झाली ती त्यानं, आणि खापर माझ्यावर फोडता. मोठ्यानं म्हणाले. रस्त्यावर ऐकू गेलं असेल. तुम्ही टॉवेल झटकलात आणि म्हणालात, "बंद कर हे. न्हाय केलंस तरी चार म्हैनं टिकायचं न्हाय." मासा तसाच टाकून गेलात. पाचव्या महिन्यात, श्रावणात, भरदुपारी ओट्यावर जाळं सांधता सांधता तुम्ही एका कुशीवर कललात, आणि आईनं हाक मारली तेव्हा सुई बोटांतच होती.

दुसऱ्या दिवशी मी बारामतीला परत निघाले. आत्या दारात आडवी उभी राहिली. "सुतकात दुकान उघडती का कुणी? बाप गेलाय तुजा."

"दुकान नाही उघडत. मासे उपाशी आहेत, आणि लाइट जाते तिथं. पाणी हलवलं नाही तर गुदमरतात."

"माशांला काय सुतक कळतंय?"

"नाही ना कळत? म्हणूनच जाते."

शटर अर्धं वर करून मी आत वाकून गेले, सगळ्यांना खायला घातलं, आणि तुमच्या वाळूच्या टँकपुढे स्टुलावर बसून रडले. बाहेर कुणाला दिसलं नाही. तिथंच ठरवलं की दुकान बंद करणार नाही, पण जसं चालवत होते तसंही चालवणार नाही.

तेव्हापासून माझ्या दुकानात मासा दाखवण्याआधी मी विचारते, टँक किती लांबीचा? लोक चिडतात. मध्यंतरी एक बाई मुलीला घेऊन आल्या होत्या, शिक्षिका असाव्यात. "एकच द्या हो, सफाईला." मी म्हटलं, तो सफाई कामगार नाही, त्यालाही वेगळं खायला लागतं. तळाला बुडणारी गोळी, आणि तीही वरचे झोपी गेल्यावर. एकटा राहत नाही, निदान सहा लागतात. सहांना दोन फूट लांब आणि फूटभर रुंद टँक लागतो. उंच टँक नको, यांना तळ पाहिजे, उंची काय करायची? मधेमधे ते वर येऊन हवेचा घोट घेतात, म्हणून पाणी आणि झाकण यांत चार बोटं अंतर ठेवा. बरोबर टेट्रा ठेवा, गप्पी ठेवा, शांत आणि लहान. गोल्डफिश नको, तो मोठा होतो, घाण करतो आणि कधी तोंडात धरायला जातो. आजार दिसला की शेजारी मीठ टाकायला सांगतील, टाकू नका, यांच्या अंगाला खवले नाहीत, सोसत नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडचं पाणी तापतं, तेव्हा पाण्यावर छोटा पंखा लावा. बाई म्हणाल्या, "अहो, मासाच आहे ना तो?" मी म्हटलं, "हो. म्हणूनच सांगते. कुत्रा असता तर त्यानं स्वतः भुंकून सांगितलं असतं." मुलगी हसली. त्या काही न घेता गेल्या. चार दिवसांनी मुलगी वडिलांना घेऊन आली आणि दोन फुटी टँक घेऊन गेली. दर वेळी असं होत नाही. दहातले सहा परत येत नाहीत. नाही तर नाही.

सगळ्यात मोठी कसोटी लागली ती इंदापूरच्या एका बागायतदाराच्या वेळी. ऊस, डाळिंब, नवा बंगला, आणि हॉलमध्ये सहा फुटी टँक. तशी ऑर्डर मला त्याआधी कधी मिळाली नव्हती. त्यांना हवे होते चार ऑस्कर, तळहाताएवढे, आणि खाली तीस कोरी. "वर वाघ पाहिजेत अन् खाली फौज," ते म्हणाले. मी म्हटलं, ऑस्कर नेत असाल तर कोरी देणार नाही. ऑस्कर त्यांना गिळायला जाईल, कोरी पंखाचा काटा ताठ करेल, काटा घशात रुतेल, आणि दोघेही जातील.

"बाई, पैसे मी देतोय."

"आणि मासे मी देतेय."

"एवढं सहा फुटी टँक हाय. एकमेकांच्या वाट्याला कशाला जातील?"

"तोंड किती मोठं आहे ते बघतात ते, टँक किती मोठा आहे ते नाही बघत."

ते हसले, मान हलवली आणि गेले. सगळी ऑर्डर पुण्याला गेली. घरी तुमचे जावई दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी, आणि त्यांचं चुकलं असंही मी म्हणणार नाही. पंधरा दिवसांनी त्या बागायतदारांचा ड्रायव्हर झाकणाची बादली घेऊन आला. "मालकांनी सांगितलंय, हे तुम्हीच ठेवून घ्या." आत चार कोरी होते, एकाचा पंख फाटलेला. मी विचारलं, बाकीचे? तो म्हणाला, "एका ऑस्करच्या घशात अडकला व्हता. चिमट्यानं काढाय गेलो तर दोघं बी गेलं. बाकीचे रोज दोन-दोन." ना माफी, ना निरोप. चारांपैकी तीन जगले. फाटक्या पंखाचाही जगला. तो आज तुमच्या वाळूत आहे.

सकर मी विकत नाही. बारा वर्षांत एकही नाही. उलट दारावर पाटी लावली आहे, मोठा झालेला सकर इथं आणून द्या, का म्हणून विचारणार नाही. गाळ्यामागे सिमेंटचा हौद बांधला आहे, त्यात सध्या अकरा आहेत. काकडी आणि दुधी खातात, तुमच्या मांडवावरचा दुधी असायचा तसाच लागतो त्यांना, कोवळा. भाऊ अजून पाण्यावर जातो. त्याच्या जाळ्यात ते अजूनही येतात, माझ्या हौदानं उजनी रिकामी होणार नाही हे त्यालाही कळतं आणि मलाही. मागच्या महिन्यात येऊन हौदात डोकावला आणि म्हणाला, "तात्या आसतं तर तुला येड्यात काढलं आसतं." मी म्हटलं, काढू देत. वेड्यात काढायला निदान आत तरी आले असते.

हे सगळं आज सलग लिहिलं, दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा. पाठवायला पत्ता नाही हे खरं आहे, पण तुम्ही असतात तरी पाठवलं नसतं. तुम्हाला वाचता येत नव्हतं. मलाच समोर बसून वाचून दाखवावं लागलं असतं आणि तुमच्या तोंडावर यातलं अर्धंही माझ्याच्यानं बोलवलं नसतं. शिवाय एक गोष्ट गाळावी लागली असती. तुम्ही तो मासा काउंटरवर आपटलात त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात मला एका गिऱ्हाइकाचा फोन आला होता. सकर फार मोठा झालाय, टँकमध्ये मावत नाही, काय करू? दुकानात गर्दी होती. मी फोन खांद्याला लावून दुसऱ्याची पिशवी बांधत होते. मी म्हणाले, धरणात सोडून द्या, जगेल बिचारा. तुम्ही "वळखलंस का?" म्हणालात तेव्हा मला तोच फोन आठवला, तात्या. म्हणून माझा आवाज तेवढा चढला.